इंदूर–सेंधवा–धुळे : घाटातल्या गावांसाठी बस कोणती?

(चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्या सभासदाचे टोपणनाव आहे.)

तुकोगंजकर

सेंधव्याला राहणाऱ्या माझ्या मावशींना डोळ्यांच्या उपचारासाठी अधूनमधून इंदूरला यावे लागते आणि वर्षातून एखाद्या वेळी लेकीकडे नाशिकला जावे लागते. सेंधवा हे मध्य प्रदेशातले गाव आग्रा–मुंबई महामार्गावर, इंदूरपासून साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. रात्री नऊ-दहानंतर नाशिक, पुणे आणि मुंबईकडे निघालेल्या स्लीपर गाड्या एकामागोमाग एक त्याच गावाजवळून जातात. असे असूनही, दिवसाउजेडी निघून दिवसाउजेडी पोहोचेल, शिडीने वरच्या बर्थवर चढायला लावणार नाही आणि बायपासवर अंधारात उतरवून निघून जाणार नाही, अशी गाडी मावशींना दर वेळी नव्याने शोधावी लागते.

ज्यांना हा रस्ता परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मानपूर मागे पडले की रस्ता विंध्याच्या कड्यावरून निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो, खलघाटला नर्मदा ओलांडतो, ठीकरी आणि जुलवानिया करीत सेंधव्यापाशी सातपुड्यात शिरतो आणि पुढे बिजासन घाटाने पळासनेर-शिरपूरकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात उतरतो. इंदूरहून धुळ्याला जाईपर्यंत दोन पर्वतरांगा आणि दोन मोठ्या नद्या ओलांडाव्या लागतात. या दिशेने थेट रेल्वे नाही. इंदूर–पुणे गाडी आहे, पण ती रतलाम, वडोदरा, सुरत असा मोठा वळसा घेऊन जाते, त्यामुळे सेंधव्याच्या माणसाला तिचा काहीच उपयोग नाही.

माझे विचारणे असे की, एवढ्या गाड्या समोरून जात असताना त्या मधल्या गावचे प्रवासी रीतसर का घेत नाहीत, घाटाच्या रस्त्यावर कोणत्या प्रकारच्या गाडीवर विश्वास ठेवावा, आणि राज्य सरकारच्या नव्या परिवहन योजनेमुळे यात काही फरक पडण्यासारखा आहे का? अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

कागदपत्र

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर परवान्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रवासी बसगाड्यांचे मुख्यतः दोन प्रकार मानतो. टप्पा वाहतुकीची गाडी ठरलेल्या मार्गाने जाते, वाटेतल्या थांब्यांवर प्रवासी घेते आणि उतरवते, आणि प्रत्येकाकडून त्याच्या अंतरापुरते भाडे घेते. कंत्राटी गाडी मात्र एका कराराखाली, आधी ठरलेल्या प्रवाशांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते. वाटेत दिसेल त्याला बसवून घेण्याची तिला मुभा नाही. आपण ज्या स्लीपर गाड्यांची रांग पाहता, त्यातल्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या किंवा अखिल भारतीय पर्यटक परवान्यावरच्या असतात. त्या सेंधव्यावरून जातात, पण कायद्याच्या दृष्टीने त्या सेंधव्याच्या गाड्या नाहीत.

टप्पा वाहतूक राज्याबाहेर न्यायची असेल तर आणखी एक पायरी येते. कायद्याच्या कलम ८८ नुसार दोन राज्यांमध्ये परस्पर करार व्हावा लागतो आणि त्यात कोणत्या मार्गावर कोणाच्या किती फेऱ्या चालतील हे ठरते. महाराष्ट्राची एसटी इंदूरच्या सरवटे बसस्थानकात येते ती या वाटेने. तिला सेंधवा, जुलवानिया किंवा धामनोद येथे उभ्या असलेल्या माणसाला तिकीट देण्याचा अधिकार आहे, आणि माझ्या मते आपल्या मावशींसाठी हीच सर्वांत सरळ गाडी आहे. मध्य प्रदेशच्या बाजूने बोलायचे तर टप्पा परवान्यावरच्या खासगी गाड्या इंदूर ते सेंधवा, बडवानी आणि खरगोनकडे दिवसभर धावतात. त्यांची गैरसोय वेगळ्या प्रकारची आहे. त्याबद्दल इतर सभासद लिहितीलच.

छावणीचा

कायदा कागदावर काहीही म्हणो, महामार्गावर हात दाखवला की स्लीपरसुद्धा थांबते आणि क्लीनर पैसे घेऊन केबिनमध्ये बसवतो. आम्ही असेच जातो आणि काही बिघडत नाही. मावशींना ढाब्यापाशी उभे करावे, गाडी मिळते.

कागदपत्र

गाडी मिळते, हे मला मान्य आहे. परंतु त्या प्रवाशाकडे तिकीट नसते, गाडीच्या यादीत त्याचे नाव नसते आणि त्याने दिलेले पैसे कोणत्याही नोंदीत नसतात. दुर्दैवाने काही घडले, तर आपला माणूस त्या गाडीत होता हे सिद्ध करण्यापासून घरच्यांना सुरुवात करावी लागते. केबिनमध्ये, इंजिनाच्या झाकणावर किंवा चालकाच्या मागच्या फळीवर बसून घाट उतरणे धडधाकट माणसाला जमेल. वयस्कर स्त्रीला रात्री ढाब्यापाशी उभे करण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

निवृत्त चालक

या रस्त्यावर मी आधी टप्प्याच्या गाड्या चालवल्या आणि नंतर लांब पल्ल्याच्या, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो.

घाटात गाडी चढवण्यापेक्षा उतरवणे अवघड असते. आम्हाला शिकवलेला नियम असा की, जो चढ ज्या गिअरमध्ये चढता येईल तोच उतार त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे गाडीचा वेग इंजिनच रोखून धरते आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. काही चालक डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाची ओढ नाहीशी होते, सगळा भार ब्रेकवर येतो, वारंवार पाय दिल्याने ड्रम तापतात, तापलेले लायनर पकड सोडतात आणि हवेच्या ब्रेकच्या टाकीतला दाबही उतरत जातो. खाली पोहोचेपर्यंत पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही अशी अवस्था येते. लोक याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. बहुतेक वेळा त्या ब्रेकमध्ये सकाळी काहीच दोष नसतो. घाटाच्या माथ्यावर गिअर कोणता होता, एवढाच प्रश्न असतो. चांगल्या गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक असतो, महागड्या गाड्यांना रिटार्डरही असतो (चाकांच्या ब्रेकवर भार न टाकता वेग रोखणाऱ्या या सोयी) आणि त्याने फार मदत होते. पण ते बटण वापरायचे की नाही हे शेवटी माणूसच ठरवतो.

धामनोदच्या अलीकडचा गणेश घाट आपण ऐकून असाल. चौपदरी रस्ता झाल्यावर तिथला उतार इतका तीव्र ठेवला गेला की, भरलेले ट्रक सुटून दुभाजक तोडत समोरून चढणाऱ्या गाड्यांवर जाऊ लागले आणि त्या एका तुकड्यात वर्षानुवर्षे माणसे मरत राहिली. २०२४ च्या अखेरीस उतरणाऱ्या वाहनांसाठी सुमारे नऊ किलोमीटरचा, सौम्य उताराचा नवा रस्ता खुला झाला. चालकांना शिस्त लावून जे साधले नाही ते रस्त्याची आखणी बदलून साधते, असे माझे मत आहे. आमच्या व्यवसायातल्या पुष्कळांना ते आवडत नाही, पण मी तेच म्हणेन.

मात्र सगळे लक्ष घाटावरच ठेवू नये. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटला नर्मदेच्या पुलाचा कठडा तोडून नदीत पडली आणि किमान बारा जणांचा जीव गेला. त्या गाडीने विंध्याचा घाट सुखरूप उतरला होता. घाट संपल्यावर सपाट, सरळ रस्ता मिळतो, शरीर सैल पडते आणि पाय आपोआप जड होतो. हे त्या अपघाताचे कारण होते असे मी म्हणत नाही, पण चालकांना मी नेहमी सांगत आलो की गुजरी-धामनोद आल्यावर एकदा गाडी बाजूला घ्यावी, चाके हाताने चाचपून पाहावीत, पाणी प्यावे आणि मग पुढे निघावे.

गाडी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. दिवसाची गाडी बरी. टपावर पार्सलांचा ढीग असलेली गाडी टाळावी, कारण वर वजन असलेली गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. स्लीपरमध्ये वरचे बर्थ भरलेले असले की हाच प्रकार होतो. जागा दोन्ही आसांच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या, मधली घ्यावी. शेवटच्या रांगेत हादरे फार बसतात आणि वळणाची ओढही अधिक जाणवते, त्यामुळे वृद्ध माणसांना उलटीचा त्रास होतो. रात्रीचीच गाडी घ्यावी लागली, तर चालक दोन आहेत का हे बुकिंगवाल्याला विचारण्यात संकोच करू नये.

तुकोगंजकर

फारच उपयुक्त माहिती आहे, काका. टप्प्याच्या खासगी गाड्यांबद्दल ‘गैरसोय वेगळी’ असे वर लिहिले गेले आहे, ती कोणती? मावशींच्या शेजारीणबाई म्हणतात की या गाड्या कधी अर्धा तास एका जागी उभ्या राहतात, तर कधी जीव मुठीत धरायला लावतात.

निवृत्त चालक

शेजारीणबाईंचे निरीक्षण अचूक आहे आणि दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. परिवहन कार्यालय परवान्याबरोबर सुटण्याची वेळ ठरवून देते. आम्ही त्याला टायमिंग म्हणतो. एका मार्गावर दोन मालकांच्या टायमिंगमध्ये काही मिनिटांचेच अंतर असते. पुढची गाडी थांब्यावर रेंगाळली तर मागच्या गाडीचे प्रवासी तिला मिळतात, म्हणून ती उभी राहते; मागची दिसू लागली की पुढचे गाव आधी गाठण्यासाठी सुसाट निघते. चालक-कंडक्टरचे उत्पन्न त्या फेरीच्या गल्ल्याशी बांधलेले असते. रोजचा ठरलेला पगार असलेल्या एसटीच्या चालकाला मागून कोण येत आहे याची चिंता नसते, हा दोन्ही गाड्यांमधला खरा फरक आहे. एसटीची गाडी जुनी असेल, खिडकीची काच वाजत असेल, पण घाटात ती कुणाशी शर्यत लावत नाही.

डोंगरी रस्त्याचा नियम असा की, रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. टायमिंगच्या भांडणात हा नियम पहिल्यांदा मोडतो.

चोरलकाठ

धाग्याचा विषय सेंधव्याचा आहे, तरी खंडवा रस्त्याचा उल्लेख केल्याशिवाय घाटातल्या बससेवेचे चित्र पूर्ण होणार नाही. सिमरोलपासून भेरूघाट, बाईग्राम, चोरल करीत बडवाह गाठणारा रस्ता हा इंदूरहून निमाडात उतरण्याचा दुसरा मार्ग आहे. ओंकारेश्वरचे यात्रेकरू, खंडवा-बुऱ्हाणपूरचे प्रवासी आणि इच्छापूरमार्गे मुक्ताईनगर-भुसावळकडे जाणारी आपली मराठी मंडळी, असा सगळ्यांचा भार त्याच्यावर आहे. (तिसरा मार्ग महू–मंडलेश्वर रस्त्यावरचा जाम घाट. माथ्यावर अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा आहे आणि पावसाळ्यात तिथे सहलीला जाणाऱ्यांची गर्दी असते, पण बससेवेच्या दृष्टीने तो मार्ग गौण आहे.)

पूर्वी या बाजूच्या खेड्यांना बसला पर्याय होता. महूहून पाताळपाणी, कालाकुंड, चोरल करीत मीटरगेजची गाडी सनावद-खंडव्याकडे उतरत असे. चाळीस फुटांना एक फूट असा तिचा चढ होता आणि कालाकुंडला मागून इंजिन लावावे लागे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून रुंदीकरणासाठी महू–सनावद मार्ग बंद झाला. आता पाताळपाणी–कालाकुंड तुकड्यावर पर्यटकांची हेरिटेज गाडी तेवढी धावते. दूध, भाजी आणि मजुरीसाठी रोज इंदूरला येणारा माणूस पर्यटक नाही. तो आता सिमरोल रस्त्यावर बसची वाट पाहत उभा असतो. भरलेली ओंकारेश्वरची गाडी त्याच्यासाठी थांबत नाही, कारण इंदूरलाच तिच्या सगळ्या जागा पूर्ण अंतराच्या भाड्याने भरलेल्या असतात.

या रस्त्याचे चौपदरीकरण चालू आहे आणि घाटात तीन बोगदे घेतले आहेत. उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, त्यामुळे कामाची घाई दिसते. बोगद्यांमुळे इंदूर–खंडवा प्रवास सोपा होईल, यात शंका नाही. पण वस्त्या जुन्या रस्त्यावर आहेत. सगळ्या गाड्या बोगद्यातून गेल्या, तर जुन्या घाटावरच्या थांब्यांवर कोण जाणार, हे आत्ताच परवान्यात लिहून ठेवले पाहिजे.

सयाजीगंजचा वाचक

मी वडोदऱ्याचा, इंदूरशी माझा संबंध सासुरवाडीचा. आमच्याकडची मराठी कुटुंबे नाशिक आणि वणीच्या सप्तशृंगीला जाताना वघई–सापुतारा घाटाने जातात. बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत गायकवाडी काळात घातलेली नॅरोगेज आहे, पण ती डोंगराच्या पायथ्याशी संपते आणि वर डांगमध्ये जायचे तर बस हेच साधन उरते. तुलना करताना मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. डांगचे जिल्हा ठिकाण आहवा हे डोंगरातच आहे आणि तिथे गुजरात एसटीचे आगार आहे. आगार डोंगरात असले की गाड्या रात्री डोंगरात मुक्काम करतात आणि सकाळची पहिली फेरी डोंगरातून खाली निघते. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत जाणाऱ्याला हीच फेरी हवी असते. आगार शहरात असेल तर पहिली गाडी शहरातून वर जाते, ती पोहोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात आणि संध्याकाळी परतणाऱ्या गाडीत खेड्यातल्या माणसाला काही अर्थ राहत नाही. आपल्या निमाडातल्या खासगी गाड्या रात्री कुठे उभ्या असतात, हे कुणी सांगू शकेल का?

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. अलीराजपूर, झाबुआ, बडवानीकडून गुजरातेत मजुरीला येणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी खासगी गाड्यांचे जाळे चांगलेच पसरलेले आहे, आणि होळीआधी भगोरिया या आदिवासी मेळ्याच्या दिवसांत वडोदऱ्याच्या बसस्थानकाबाहेर त्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे त्या डोंगरात प्रवासी नाहीत, असे कुणी म्हणू नये. प्रवासी आहेत, फक्त ते वर्षभर सारखे नाहीत.

बसमालक

गेले काही दिवस हा धागा वाचतो आहे आणि मालकांना शर्यत लावणारे म्हणून रंगवले जात असल्याने लिहिणे भाग आहे. आमच्या घरी दोन टप्पा गाड्या आहेत. गाडी रात्री कुठे उभी असते, याचे उत्तर साधे आहे. मालक राहतो तिथे किंवा पहाटे भरपूर प्रवासी मिळतात तिथे. सेंधव्याच्या पुढच्या खेड्यात मुक्काम करायचा म्हणजे चालक-कंडक्टरची राहण्याची सोय, डिझेलचोरीची भीती आणि पहाटेच्या फेरीत निम्म्या रिकाम्या जागा. आसनांच्या हिशेबाने कर मात्र भरावाच लागतो, गाडी भरो न भरो. त्याच रस्त्यावर तूफान, क्रूझर आणि मॅजिक या जीपवजा छोट्या गाड्या कोणत्याही वेळापत्रकाशिवाय, आमच्या दहा मिनिटे पुढे, टपावर माणसे बसवून जातात. हाटबाजाराच्या दिवशी सगळी कमाई त्यांची असते आणि पाऊस कोसळत असताना, प्रवासी नसताना फेरी मारण्याची जबाबदारी आमची असते.

एसटीचा चालक निवांत असतो, हे खरे आहे, परंतु त्याचा तोटा शासन सोसते. आमच्याकडून तीच सेवा हवी असेल तर त्या तोट्याची फेरी कोण सोसणार, हे आधी ठरवावे. मुक्कामाच्या फेरीला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्या, आम्ही आनंदाने खेड्यात गाडी ठेवू.

जुने इंदूर

बसमालकांच्या शेवटच्या दोन वाक्यांत ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

ज्यांना मध्य प्रदेश राज्य परिवहनच्या लाल-पिवळ्या फलकांचा काळ आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००५ मध्ये राज्य सरकारने ते महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. महामंडळ तोट्यात होते, गाड्या खिळखिळ्या झाल्या होत्या, प्रवासीही वैतागले होते. बंद झाल्याचे दुःख इंदूरमध्ये फार कुणाला झाले नाही, कारण इंदूर–भोपाळ किंवा इंदूर–उज्जैन रस्त्यावर त्याहून चांगल्या खासगी गाड्या लगेच मिळाल्या. तोटा झाला तो आडरस्त्यावरच्या गावांचा. महाराष्ट्रात ‘मुक्कामी गाडी’ ही खेड्याच्या दिनक्रमाचा भाग आहे. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे पहिली निघणारी ती गाडी तोट्यात असली, तरी चालवावी लागते. आपल्याकडे महामंडळाबरोबर ती फेरी गेली आणि तिची जागा कुणी घेतली नाही, कारण परवाना देताना शासनाने ती मागितलीच नाही.

मधल्या काळात प्रयत्न झाले. अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट ही कंपनी २००५ मध्येच स्थापन झाली आणि शहराबाहेरही तिच्या गाड्या गेल्या. २३ जून २०१८ रोजी पंतप्रधानांनी इंदूरमध्ये ‘सूत्र सेवा’ ही बससेवा सुरू केली. दोन्हींचा भर शहरांना जोडण्यावर राहिला. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली आहे. हिच्यात सरकार स्वतः गाड्या विकत घेणार नाही. राज्यस्तरावर एक कंपनी, तिच्याखाली विभागीय कंपन्या, आणि रस्त्यावर करारबद्ध खासगी मालकांच्या गाड्या, अशी तिची रचना आहे. कल्पना म्हणून मला ती नापसंत नाही. परंतु कराराच्या कागदावर काय लिहिले जाते यावर सर्व अवलंबून आहे. गाडीवर नवा रंग, मोबाइलवर तिकीट आणि सरवट्यावर चकचकीत फलाट एवढ्यानेच योजना यशस्वी ठरवली गेली, तर इंदूर–भोपाळच्या प्रवाशाची सोय आणखी वाढेल आणि सेंधव्याच्या मावशी आहेत तिथेच राहतील. मी तरी नव्या सेवेची परीक्षा एकाच गोष्टीवर करीन : सेंधवा, पानसेमल, खेतिया, चोरल अशा ठिकाणी रात्री किती गाड्या मुक्कामाला आहेत आणि सकाळी सहाच्या आत त्यांतल्या किती सुटतात.

रेल्वेची वाट पाहावी, असे काही मंडळी सुचवतील. इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये आणि पूर्णतेचे उद्दिष्ट २०२८-२९. तो झाला तर सेंधव्याकडचा निमाड आणि धुळ्याकडचा खानदेश प्रथमच रेल्वेने थेट जोडले जातील. पण स्थानकापासून डोंगरातल्या पाड्यापर्यंत तेव्हाही बसच लागेल, म्हणून बसचा प्रश्न रेल्वेच्या भरवशावर पुढे ढकलू नये.

छावणीचा

मुक्कामी गाडीचा मुद्दा पटला. पण किलोमीटरमागे पैसे दिले, तर मालक रिकामी गाडी फिरवूनही पैसे घेतील, प्रवासी घेण्याची त्याला गरजच उरणार नाही. मग थांब्यावर हात दाखवला तरी गाडी थांबणार नाही. त्यावर उपाय काय?

बसमालक

शंका रास्त आहे. तिकिटाचा गल्ला कंपनीकडे जमा होत असेल आणि थांबा चुकवल्यास दंड असेल, तर हा प्रकार रोखता येतो. गाडीत जीपीएस असल्यामुळे कोणत्या थांब्यावर गाडी किती वेळ होती हे कंपनीला कार्यालयात बसून दिसते. अवघड भाग तांत्रिक नाही. दंड आमच्यासारख्या दोन गाड्यांच्या मालकाला होईल आणि ज्याच्या पन्नास गाड्या आहेत त्याला होणार नाही, अशी भीती आम्हाला आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे.

निवृत्त चालक

एक सूचना करतो. करारात घाटाच्या चालकांसाठी वेगळी अट असावी. हिमाचल आणि उत्तराखंडमध्ये डोंगरी रस्त्यावर व्यावसायिक गाडी चालवण्यासाठी परवान्यावर तशी स्वतंत्र नोंद लागते. विंध्य-सातपुडा हिमालयाएवढे उंच नाहीत, हे मान्य. पण सपाट रस्त्यावर गाडी शिकलेला मुलगा दुसऱ्या आठवड्यात गाडी भरून बिजासन घाट उतरवतो, हे मी पाहिले आहे. निदान या दोन-तीन मार्गांसाठी जुन्या चालकाच्या शेजारी बसून काही फेऱ्या करण्याची सक्ती असावी.

तुकोगंजकर

सर्वांचे मनापासून आभार. मावशींशी बोलले. इंदूरला येताना सकाळची खासगी टप्पा गाडी घ्यायची, कारण सेंधव्याच्या स्थानकातून ती रीतसर सुटते आणि मधली जागा मिळते. नाशिकला जाताना मात्र एसटीने शिरपूर-धुळ्यापर्यंत जाऊन तिथे गाडी बदलायची, असे ठरले आहे. धुळ्याहून नाशिकला दिवसभर गाड्या असल्याने थेट गाडीचा हट्ट त्यांनी सोडला. एक शंका उरली आहे. महाराष्ट्रात एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. ती सवलत सेंधव्याहून बसणाऱ्या मावशींना लागू होईल का?

कागदपत्र

अंशतः होईल. महिलांसाठीची ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत लागू आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. सेंधव्यापासून हद्दीपर्यंतचे भाडे पूर्ण द्यावे लागेल आणि त्यापुढचे निम्मे. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर आकारले जाते, त्यामुळे कंडक्टरला हद्दीचा टप्पा ठाऊक असतो. तिकीट काढतानाच “हद्दीपुढे महिला सवलत” असे मावशींनी स्पष्ट सांगावे. गाडी गर्दीची असली की कंडक्टर सरसकट पूर्ण भाड्याचे तिकीट फाडून मोकळा होतो आणि नंतर ते बदलून मिळत नाही. धुळ्याहून नाशिकची गाडी पूर्णपणे महाराष्ट्रातली असल्याने तिथे हा प्रश्न येणार नाही.